‘इजा’ आणि ‘इंज्युरी’

“सर, इंग्रजी ‘इंज्युरी’चेच मराठीत ‘इजा’ झाले ना?” आमच्या नागपुरात वर्गात शब्दांच्या व्युत्पत्ती शिकवू लागलो की, हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. कानाला तसे वाटते खरे. पण या दोघांत ओळखदेखही नाही. ‘इजा’ अरबीतली, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. तिचा मूळ अर्थ त्रास, छळ. ‘इंज्युरी’ लॅटिनमधली. ‘इन्’ म्हणजे नाही आणि ‘यूस’ म्हणजे हक्क, न्याय. दोन्ही मिळून ‘इन्यूरिया’. म्हणजे जखम नव्हे, चक्क अन्याय! आपला ‘अन्याय’ही अगदी असाच घडलेला आहे. (फ्रेंच लोकांनी याच शब्दाची शिवी केली. त्यांच्याकडे ‘अँज्यूर’ म्हणजे अपशब्द.)

आपले शब्दही पाहा. ‘हानी’ संस्कृत ‘हा’ म्हणजे सोडणे या धातूवरून आली. तिचे लक्ष जे हातचे गेले त्याकडे. ‘नुकसान’ अरबी, ते काय उणे झाले ते मोजते. ‘क्षती’ला घाव दिसतो. ‘इन्यूरिया’ मात्र विचारते, हे करण्याचा तुला हक्क काय?

इ.स.पूर्व पाचव्या शतकातल्या रोमच्या ‘बारा पट्टां’च्या कायद्यात किरकोळ ‘इन्यूरिया’ला पंचवीस तांब्याच्या नाण्यांचा दंड होता. पुढे त्या नाण्यांना किंमत राहिली नाही. तेव्हा लूसियस वेरातियस नावाचा एक धनिक दिसेल त्याच्या मुस्कटात भडकावी आणि मागचा गुलाम लगोलग थैलीतून पंचवीस नाणी मोजून देई! हा किस्सा ऑलस गेलियसने नोंदवला आहे. अखेर न्यायाधिकाऱ्यांनी तो ठरीव दंड मोडीत काढला आणि प्रकरण पाहून रक्कम ठरवण्याची पद्धत घातली.

आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेने शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता यांना बेकायदा पोचवलेला कोणताही अपाय ‘इंज्युरी’त धरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही व्याख्या कायम ठेवली. त्यातला ‘लौकिक’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

काही वर्षांपूर्वी महालातल्या एका परिचितांच्या घरी अंगठी हरवली. संशय अर्थातच मोलकरणीवर. वाड्यातल्या चार बिऱ्हाडांदेखत तिची पिशवी झाडून पाहिली. आठ दिवसांनी अंगठी तांदळाच्या डब्यात सापडली. घरच्या बाई ओशाळल्या. त्यांनी नवी साडी आणि वर काही रुपये तिच्यापुढे धरले. तिने हात लावला नाही.

“सर्वायसमोर चोर म्हनलं न बाई, आता सर्वायसमोरच सांगा, हिनं चोरी नाही केली म्हनून.”

त्याच संध्याकाळी बाईंनी चौकात चारही बिऱ्हाडांना बोलावून तसे सांगितले. साडी मात्र तिने नंतरही घेतली नाही.