प्रश्न कोणाचा, वही कोणाची

माधव गाडगीळ १९७१ मध्ये हार्वर्डहून पुण्याला परतले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवराया हिंडू लागले. दोन शास्त्रज्ञ देवरायांच्या मागे लागलेत ही बातमी श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावापर्यंत गेली. तिथल्या काळकाईच्या राईवर तोडीचं संकट आलं होतं. राई गेली तर तिच्या आधाराने वाहणारा ओढा आटेल, ही गावाची धास्ती. गाणीकरांनी या मंडळींना बोलावून घेतलं, त्यांनी येऊन राई पाहिली, वनखात्याकडे शब्द टाकला आणि तोड थांबली. देवरायांवरचा त्यांचा शास्त्रीय लेख १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाचा अर्ज त्याच्या आधी येऊन पोचला होता, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

शास्त्रज्ञ आणि गावकरी यांनी मिळून निसर्गाचा अभ्यास करायचा, हा विचार आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्यावर परिषदा झाल्या, कायदे झाले, तक्ते झाले. या सगळ्याचं नेमकं काय झालं हे पाहायचं तर बांबूचा माग काढावा.

१९७५ मध्ये कर्नाटक सरकारने गाडगीळांना बांबूचा अभ्यास करायला सांगितलं. टोपल्या-सुपं विणणाऱ्या मेदार लोकांची, म्हणजे आपल्याकडच्या बुरुडांच्या भाऊबंदांची, तक्रार होती की कागद गिरण्यांनी जंगलातला बांबू संपवला. तक्रारीत तथ्य होतंच. गिरणीला सरकार टनाला दीड रुपया दराने बांबू देत होतं आणि मेदारांना तोच बांबू बाजारातून शेकडो पट भावाने घ्यावा लागत होता. इतक्या स्वस्त मालाची कदर कोण करणार? वनखात्याच्या कागदांवर मात्र बांबू उदंड होता. प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा तो कितीतरी कमी भरला.

पण या अभ्यासातली खरी गंमत वेगळीच होती. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. ते साफ केलं की बेट मोकळं होतं, नवे कोंब सरळ वाढतात, असं वनशास्त्र सांगत होतं आणि खातं त्याप्रमाणे खर्च करून सफाई करत होतं. गावकरी म्हणाले, साहेब, हेच तर बांबूचं वाटोळं करतंय. काट्यांचं कुंपण गेलं की कोवळे कोंब गुरं खातात, रानातली जनावरं खातात. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. गावकऱ्यांचं खरं निघालं.

तपासून पाहिलं, हे यात महत्त्वाचं. गावकरी म्हणतात म्हणून ते खरंच, असली भाबडी भक्ती या कामात नव्हती आणि असूही नये. पण तपासावं असं काही गावकऱ्यांकडे असू शकतं, हे मानायला त्या काळचं वनशास्त्र तयार नव्हतं.

त्याच बांबूचा दुसरा अध्याय गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात घडला. इंद्रावती-गोदावरीवरच्या धरणांविरुद्ध १९८४-८५ च्या सुमारास उठलेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून हे गाव जागं झालं. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यामागे उभा असलेला अभ्यासगट तितका ठाऊक नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने एक रीत बसवली. एखादा विषय घ्यायचा, जंगल, मध, कायदा, काहीही. बाहेरचा जाणकार हवा तर बोलवायचा. पण त्याने भाषण ठोकून निघून जायचं नाही, गावाबरोबर बसून वाद घालायचा. आणि निर्णय अभ्यासगटाने घ्यायचाच नाही. तो ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. घाईच्या माणसाला ही रीत असह्य वाटेल. पण पोळं जाळून मध काढायची जुनी सवय याच रीतीने सुटली.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं, तरी खातं वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती द्यायला तयार नव्हतं. बांबू गावाचा, पण गावाबाहेर न्यायचा नाही! मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली आणि एप्रिलच्या अखेरीस ते स्वतः, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना घेऊन, मेंढ्यात आले. परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. दीड रुपया टनाच्या दिवसांपासून इथवर यायला पस्तीसेक वर्षं गेली होती.

आता दुसरी बाजू. गावातल्या जाणकारांना घेऊन गावाच्या जीवसृष्टीची नोंदवही लिहायची, ही लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना १९९० च्या दशकात गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये आला आणि ही वही सक्तीची झाली. बरीच वर्षं काही हललं नाही. मग प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं आणि ३१ जानेवारी २०२० ही मुदत पडली. मुदत चुकली तर राज्याला महिन्याला दहा लाख रुपयांचा भुर्दंड. देशभरात या वह्यांसाठी अडीच लाखांहून अधिक स्थानिक समित्या कागदावर उभ्या राहिल्या आणि वह्या भराभर तयार होऊ लागल्या. गावात चार हंगाम काढून, मासेमार, वैदू, गुराखी यांच्याशी बोलून लिहायची वही मुदतीच्या धाकाने कशी लिहिली जाते, हे सरकारी तक्ता भरलेल्या कोणालाही सांगायला नको.

पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचं थोडं असंच झालं. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या या गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. कुठलं क्षेत्र संवेदनशील मानायचं आणि तिथे कोणते नियम लावायचे, हे शेवटी ग्रामसभांना विचारून ठरवा, असं त्यात म्हटलं होतं. सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आम्हाला त्यात घ्या असे ठराव केल्याचीही नोंद होती. सरकारने अहवाल दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. पण हा अहवाल शेतकऱ्यांना उठवून लावणार अशी आवई पसरली. ज्यांना विचारा असं अहवाल सांगत होता, त्यांना तो वाचायला देण्याचीच कोणाला निकड वाटली नाही. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीने ग्रामसभांचा हा धागा जवळजवळ सोडूनच दिला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट त्याच सुमारास सुरू झाली. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. गावाने बसून नियम लिहून काढले. बांबू कोणता तोडायचा, कोणता राखायचा, मजुरी किती द्यायची. ३४ हेक्टर जंगल त्यांनी पेनगेडा, म्हणजे देवाचं रान, म्हणून वेगळं काढलं. तिथे तोड नाही. आणि तेंदूपत्ता गोळा करायचाच नाही असं ठरवलं. विदर्भातल्या जंगलगावाने तेंदूपत्त्याची उन्हाळी मिळकत सोडावी, ही साधी गोष्ट नाही. हिशेब गावाचा होता: पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, टेंभरं खायला उरत नाहीत. बांबूच्या कामातून मजुरी मिळतेय तर पानांचा सोस कशाला? कोणत्या अहवालाने त्यांना हे सांगितलेलं नव्हतं. आगींनी जंगलाचं किती नुकसान होत होतं आणि त्या थांबल्यावर काय बदललं, हे मोजायला आता एखाद्या संशोधकाने पाचगावला जायला हवं. आधी ग्रामसभेला विचारून.