दहा चिंचोके आणि मेमधला जवळा



मे महिना अर्धा सरला की आपल्या रेवदंड्याच्या बाजूला बैठकीत एक मागणी ठरलेली असते. "जवळा घ्यायचाय, दहा हजार द्या." १ जूनपासून मासेमारी बंद होणार, पावसाळ्यात सुक्या मासळीला भाव येणार, म्हणून सगळ्यांचीच घाई. मग दोन मतं पडतात. एक म्हणते, "फायदाच आहे, घ्या." दुसरी म्हणते, "पाऊस आला तर सगळं गेलं." दोघींचंही खरं आहे. फक्त "दहातून किती वेळा?" हे कोणी विचारत नाही. तोच हिशोब आज शिकू.

दहा चिंचोके घ्या. एक चिंचोका म्हणजे मेअखेरचा एक हंगाम. मागची वर्षं आठवा आणि चिंचोके तीन ढिगांत वाटा. समजा वाहतूक, मजुरी, व्याज धरून जवळ्यात १०,००० रुपये घातले. (हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.)

• कडक ऊन मिळालं, माल छान वाळला: ६ चिंचोके. फायदा ६,००० रुपये.
• सरी आल्या, माल काळपट पडला: ३ चिंचोके. तोटा ३,००० रुपये.
• खळ्यावरच पूर्ण भिजला, खतात गेला: १ चिंचोका. तोटा ९,००० रुपये.

काय काय होऊ शकतं आणि दहातून किती वेळा, या यादीला संख्याशास्त्रात 'संभाव्यता वितरण' म्हणतात. नाव मोठं, पण गोष्ट एवढीच. एक नियम पाळा: सगळे ढीग मिळून दहाच चिंचोके व्हायला हवेत.

आता गुणाकार. ६ वेळा ६,००० म्हणजे ३६,००० फायदा. ३ वेळा ३,००० म्हणजे ९,००० तोटा. १ वेळा ९,००० म्हणजे आणखी ९,००० तोटा. ३६,००० मधून १८,००० गेले, उरले १८,०००. त्याला दहाने भागा. सरासरी आली १,८०० रुपये. हे 'अपेक्षित मूल्य'.

आता हाच माल मेच्या सुरुवातीला घेतला असं धरा. तेव्हा ९ चिंचोके उन्हाचे आणि १ सरींचा. ५४,००० वजा ३,०००, भागिले दहा, म्हणजे ५,१०० रुपये. जवळा तोच, भाव तेच धरले, फक्त तारीख बदलली. म्हणून कर्ज द्यायचं की नाही यासोबत कधी द्यायचं तेही ठरवा. हवामान खात्याचा पावसाचा इशारा आला, की चिंचोके पुन्हा वाटा. जुना हिशोब धरून बसू नका.

पण नुसत्या सरासरीवर भुलू नका. १,८०० रुपये कुठल्याच एका वर्षी हातात येत नाहीत. येतात ६,००० तरी, नाहीतर तोटा तरी. सरासरी दिसते ती बऱ्याच वर्षांनी, आणि तोवर आपण टिकायला हवं. म्हणून दुसरा प्रश्न विचारा: "तो दहावा चिंचोका पहिल्याच वर्षी निघाला, तर ९,००० कुठून भरशील?" उत्तर नसेल तर ५,००० चाच माल घ्या. सरासरी ९०० वर येईल, पण मोठ्यात मोठा तोटाही ४,५०० वरच थांबेल.

तिसरी गोष्ट गटाची. एखादी ताई आजारी पडली, तर बाकी नऊजणींची बचत तिला सावरते, कारण सगळ्या एकदम आजारी पडत नाहीत. पाऊस मात्र सगळ्यांच्या खळ्यावर एकदमच पडतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा त्याने एकच घर निवडलं नव्हतं. दहाही जणींनी जवळ्यासाठीच कर्ज घेतलं, तर एका पावसात दहाही हप्ते थकतील. म्हणून कर्जं वेगवेगळ्या कामांना द्या: कुणी शिवणकाम, कुणी शेळी, कुणी दुकान. आमसुलं हा त्यावर उपाय नाही, तीही उन्हातच वाळतात.

विम्याचंही असंच आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराचे वर्षाला २० रुपये कापले जातात, आणि अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख मिळतात. बहुतेकींना त्यातून काहीच परत मिळत नाही, आणि तेच बरं. जो धक्का एकटीला पेलणार नाही, त्यासाठी ते २० रुपये असतात. योजनेचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मेअखेर खात्यात तेवढे पैसे ठेवा.

पुढच्या बैठकीला चिंचोके घेऊन या. कर्ज मागणाऱ्या ताईनेच ढीग लावायचे, बाकीच्यांनी विचारायचं, आणि सचिव ताईंनी ते आकडे इतिवृत्तात लिहायचे. पुढच्या मे महिन्यात तेच पान उघडून बघू, आपला अंदाज किती जमला ते.