पोलादाच्या गावातली शाकारणी

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग मागे टाकते आणि खिडकीतून भिलाईची धुरांडी दिसू लागतात. पुढे भिलाई-३ च्या बाजूला हथखोज आहे. नाव गावाचे, पण आज त्याची ओळख अवजड उद्योगांची वसाहत म्हणून. लोखंड तापवायचे, लाटायचे, कापायचे, जोडायचे, अशी इथली कामे आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर उंच शेडचे पत्रे. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १९५६ पर्यंत दुर्गची राजधानी नागपूरच होती.

आजूबाजूच्या जुन्या वस्त्यांत अजून मातीच्या खापऱ्यांची घरे सापडतात. छत्तीसगढीत अशा छपराला ‘छानी’ म्हणतात. वारा, मांजरे, माकडे यांनी हललेली खापरे पावसाआधी काढायची, फुटकी बाजूला टाकायची आणि वासे-रिपा तपासून पुन्हा रचायची. आपल्याकडे कोकणात आणि घाटावर याच कामाला ‘शाकारणी’ म्हणत. दुरुस्ती आणि देखभाल अशी दोन वेगळी खाती त्या शब्दात नाहीत. छप्पर गळो न गळो, वर्षातून एकदा त्यावर चढायचेच.

पत्रा आला आणि ही सवय मोडली. इंग्रज अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये नागमोडी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा स्वतःच्या वजनाने वाकतो, पण त्यालाच उंचवटे आणि खोलगट भाग दिले की तो दोन आधारांमधले अंतर सहज पेलतो. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या संशोधकाने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट मिळवले. हलका, टिकाऊ, चटकन बसणारा असा हा माल जगभर गेला आणि ‘एकदा बसवला की बघायला नको’ हा समज त्याच्याबरोबर गेला.

भिलाईत एक गंमत आहे. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली. तिथे रूळ होतात, जाड प्लेटा होतात, अँगल-चॅनेल, सळया आणि तारही होते. छपराचा पातळ पत्रा मात्र तिथे होत नाही. जस्ताचा थर दिलेला पत्रा त्याच सरकारी कंपनीच्या बोकारो कारखान्यात तयार होतो. म्हणजे शेडची कैची घरची आणि पत्रा परगावचा, असे इथे सहज घडू शकते.

गळती सुरू होते ती बहुधा पत्र्यातून नव्हे, स्क्रूच्या भोकातून. पोलाद तापले की वाढते. मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यांत पत्र्याच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात बारा मीटर लांबीचा पत्रा सुमारे सात मिलिमीटर लांब-आखूड होतो. वर्षानुवर्षे ही ओढाताण चालली की भोक लांबट होते, स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो आणि पाण्याला वाट मिळते. म्हणून जाणता कारागीर स्क्रू उंचवट्यावर मारतो, पाणी वाहते त्या खोलगट भागात नाही. पत्रे टाकायला तो पावसाळी वाऱ्याच्या उलट टोकाकडून सुरुवात करतो, म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे धूळ. लोखंडाच्या कामाचे बारीक कण पन्हळीत साचतात, ओले राहतात आणि आधी जस्त, मग पत्रा खातात. हजार चौरस मीटरच्या शेडवर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचे पाच टँकर! पन्हळ तुंबलेली असेल तर हे पाणी शेडच्या आत, मोटारींवर आणि पॅनेलवर येते. बसवतानाची एक चूकही महागात पडते. छतावरच ग्राइंडरने पत्रा कापला की तप्त ठिणग्या रंगात रुततात आणि तिथे गंजाचे ठिपके उमटतात. पत्रा कातरीने किंवा निबलरने कापावा.

मग दुरुस्ती करायची की पत्रे बदलायचे? गंज जोडांपुरता आणि स्क्रूंभोवती असेल तर जाड स्क्रू, नवे वॉशर, सीलंट आणि पन्हळीची सफाई एवढ्यावर भागते. खालून पाहताना जागोजागी उजेडाचे ठिपके दिसू लागले, की डांबराचे ठिगळ म्हणजे पैसे पाण्यात. नवा पत्रा घेताना जाडी कोणती सांगितली आहे ते विचारावे, रंगासकटची की नुसत्या पोलादाची. थराचे वजनही विचारावे. २७५ ग्रॅम जस्त म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम, अर्थात एका बाजूला जेमतेम वीस मायक्रॉन. छपराचे आयुष्य त्या वीस मायक्रॉनवर असते.

जुन्या शेडवरचे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे हा वेगळाच विषय. साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. भारतात तसे पत्रे अजून बनतात. जुना पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. धुळीने माखलेला पारदर्शक पत्राही तसाच फसवा. म्हणून पाय पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधाराच्या, रेषेवर किंवा आडव्या टाकलेल्या फळीवर ठेवायचा, कमरेला पट्टा आणि तो बांधायला पक्की दोरी हवी. ॲस्बेस्टॉसचा पत्रा काढताना आधी भिजवायचा आणि अख्खा उतरवायचा. तो फोडला की फुप्फुसांना घातक तंतू हवेत जातात.

कारखान्यापलीकडे, भिलाईच्या सेक्टरांमधल्या क्वार्टरांत पत्रा नाही, स्लॅब आहे. तिथे पावसाआधीचा परवलीचा शब्द ‘टार फेल्टिंग’. गरम डांबर, त्यावर फेल्ट, पुन्हा डांबर. हा थर उन्हाने सुकतो, भेगाळतो आणि काही वर्षांनी नव्याने घालावा लागतो. खाली उतार नसेल, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर वाटा फुटलेला असेल, तर कितीही थर घातले तरी पाणी थांबत नाही. काम झाल्यावर गच्चीत दोन-तीन दिवस पाणी साठवून पाहावे आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा.

पाऊस सरला की घरोघरी रंगकाम निघते. छप्पर पाहायला हाच काळ उत्तम, कारण ओल कुठून आली ते भिंतीवर अजून लिहिलेले असते. रंगाऱ्याचा ब्रश फिरण्याआधी त्या डागांचे फोटो काढून, जागा आणि तारीख टिपून ठेवावी. मे महिन्यात कारागीर येईल तेव्हा त्याला पहिल्यांदा तेच हवे असते.