हृदयविकार : श्रीमंतांचा रोग गरिबाच्या दारी

आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. हृदयविकार म्हणजे खात्यापित्या, बैठ्या माणसाचा रोग. सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणारा कामगार त्यातून सुटला, असं आपण धरून चालतो. ही समजूत आज तपासून पाहू.

१९९० साली भारतातल्या शंभर मृत्यूंपैकी साधारण १५ हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत. २०१६ मध्ये ते २८ झाले. आता कुणी म्हणेल, साथी हटल्या, आयुष्य वाढलं, मग हे होणारच. पण ते अर्धंच खरं. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. म्हणजे नुसतं म्हातारपण हे उत्तर नव्हे.

तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, ताण ही कारणं आपल्याला माहीत आहेत. पण त्यांच्याही मागे जावं लागतं. १९८९ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी दाखवलं, की जन्मतः वजन कमी असलेल्यांत पुढे हृदयविकाराने मृत्यू जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जवळच्या सहा खेड्यांत बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी जवळपास टिकलेली. दिसायला बारीक, आतून स्थूल! आईच्या पोटात टंचाईसाठी घडलेलं शरीर पुढे साखर-तेलाच्या सुकाळात पडलं, की त्याला ते पेलत नाही.

आता १९७२ चा दुष्काळ आठवा. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात जन्मलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून बसली आहेत. त्यांच्या हृदयाचा हिशेब मांडताना फक्त त्यांच्या ताटाकडे बघून चालेल का?

तत्त्वज्ञानात आपण कारण आणि दोष वेगळे ठेवतो. तंबाखू हे कारण आहे, ती सोडलीच पाहिजे. पण सगळा दोष रोग्यावर टाकला, की गरोदर बाईचं पोषण आणि वस्तीतली रक्तदाबाची तपासणी ही आपली सगळ्यांची जबाबदारी नजरेआड होते.

आणि एक. छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, तर ‘पित्त असेल’ म्हणत रात्र काढू नका. १०८ ला फोन करा. कष्टकऱ्यालाही झटका येतो, एवढं घरोघर सांगितलं तरी आजचं बोलणं कारणी लागलं. प्रश्न असतील तर विचारा.