एमआयडीसीच्या गेटपासून तुळजापूरच्या घाटापर्यंत: सायकलवाल्यांनी आपला रस्ता असा ओळखावा

सकाळी सात-साडेसातला अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कोपऱ्यावर उभं राहा. हँडलला डबा अडकवलेल्या सायकली एकामागून एक येताना दिसतील. कुणी टॉवेलच्या कारखान्यात, कुणी चादरीच्या मागावर. त्याच रस्त्यावर रविवारी पहाटे हेल्मेट घातलेली, पातळ टायरच्या सायकलवरची पोरंही दिसतात. ती हौसेनं अक्कलकोट, नळदुर्ग, तुळजापूर गाठतात. सायकल वेगळी, कारण वेगळं, पण रस्ता एकच आणि धोकाही एकच. म्हणून या रस्त्यांची माहिती दोघांनाही उपयोगाची आहे.

(एक खुलासा आधीच. अक्कलकोट रोड रेल्वे स्टेशन वेगळं आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी वेगळी. इथं आपण सोलापूर शहराला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतीबद्दल बोलतोय.)

रस्ता सपाट दिसतो, मग दम का लागतो?

बाहेरचा माणूस म्हणतो, सोलापूर म्हणजे सपाट माळ. सायकल चालवणाऱ्याला विचारा, तो वेगळंच सांगेल. याचं उत्तर जमिनीखाली आहे.

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. चित्रात दिसतो तसा शंकूसारखा ज्वालामुखीचा डोंगर आपल्याकडं नाही, कारण लाव्हा भेगांतून पसरत गेला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. असे थरावर थर बसून दख्खनचा काळा दगड तयार झाला. इंग्रजीत त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. आपल्या टेकड्या बघा, वरून सपाट आणि बाजूला पायऱ्यांसारख्या.

सह्याद्रीत हे थर फार जाड आहेत. पूर्वेकडं येताना ते पातळ होत जातात. पुढं कलबुर्गीकडं गेलं की काळा दगड संपून शहाबादी फरशीचा चुनखडक लागतो. म्हणजे सोलापूर या दगडी पसाऱ्याच्या कडेजवळ आहे. इथं उंच घाट कमी, पण नद्या-ओढ्यांनी थर कापून काढलेत. त्यामुळं दर काही किलोमीटरला रस्ता ओढ्याकडं उतरतो आणि पुन्हा चढतो. मोटरसायकलवर हे कळतही नाही. सायकलवर मात्र प्रत्येक ओढा मांडीला कळतो.

मार्ग पहिला: एमआयडीसी ते अक्कलकोट

सोलापूरहून अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर. एमआयडीसीतून निघालं तर अंतर थोडं कमी. वाटेत कुंभारी आणि वळसंग. रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत, मोठा चढ एकही नाही, फक्त वरखाली. साध्या सायकलनं तासाला १४-१५ किलोमीटर धरले तर अडीच-तीन तास लागतात.

वळसंगला थांबून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३७ मधल्या भेटीशी जोडलेली विहीर बघावी. कातळ फोडून पाणी काढणं या भागात किती कष्टाचं, आणि त्या पाण्यावर सगळ्यांचा हक्क असणं किती मोठी गोष्ट, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं.

मार्ग दुसरा: बोरामणी, इटकळमार्गे नळदुर्ग

हा हैदराबाद रोड. शहरापासून ४५ ते ५० किलोमीटर. नळदुर्गला बोरी नदीनं काळा दगड खोल कापलाय आणि त्याच कातळावर किल्ला उभा आहे. नदी अडवून बांधाच्या पोटात केलेला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात भरपूर पाणी आलं की नर-मादी धबधबे वाहतात. हीच बोरी पुढं अक्कलकोट तालुक्यात कुरनूर धरणात येते आणि नंतर भीमेला मिळते.

या रस्त्यावर लांब पल्ल्याचे ट्रक फार. नवख्यानं एकट्यानं जाऊ नये. सराव असलेले लोक नळदुर्गहून अक्कलकोटला उतरून परत सोलापूरला येतात. हा फेरा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतो.

मार्ग तिसरा: तामलवाडीमार्गे तुळजापूर

अंतर ४५ किलोमीटर. सोलापूरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४५८ मीटर, तर तुळजापूरची सुमारे ६५०. फरक दोनशे मीटरच्या आत, म्हणजे कागदावर काहीच नाही. पण त्यातला मोठा वाटा शेवटच्या घाटात एकदम येतो. हा बालाघाटाचा डोंगर. त्याच्या पलीकडचं मांजरेचं पाणी गोदावरीला जातं आणि अलीकडचं बोरी-सीनेचं पाणी भीमेला.

कोजागरीला लाखो भाविक याच रस्त्यानं चालत तुळजापूरला जातात. त्या दिवसांत सायकल घेऊन मध्ये घुसू नये, सायकल बाजूला ठेवून त्यांच्यासोबत चालावं.

ऊन आणि वारा: हे कुणी सांगत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. अक्कलकोट रोड सोलापुरातून आग्नेयेकडं जातो. डिसेंबर-जानेवारीत सूर्यही जवळपास त्याच दिशेला उगवतो. म्हणजे हिवाळ्यात सकाळी शहरातून एमआयडीसीकडं निघालेल्या कामगाराच्या डोळ्यावर थेट ऊन येतं. त्याचं सोडा, त्याच्या मागून येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्याही डोळ्यावर तेच ऊन असतं. समोरची सायकल त्याला काळ्या ठिपक्यासारखी दिसते, कधी दिसतही नाही.

मे-जूनमध्ये उलटा प्रकार. संध्याकाळी शहराकडं परतताना मावळता सूर्य रस्त्याच्या नाकासमोर असतो.

कुंभारीकडून येणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तिथं विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरं झाली, २००६ मध्ये त्यांचं लोकार्पण झालं. नंतर रे नगरची १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. या वस्तीतून सकाळी एमआयडीसीकडं येणाऱ्याच्या पाठीवर ऊन असतं. त्याला समोरचं नीट दिसतं, पण समोरून येणाऱ्या वाहनवाल्याला तो दिसेलच असं नाही. म्हणून उलट्या बाजूनं सायकल चालवणं इथं सगळ्यात घातक. दुभाजक ओलांडायला पुढं जावं लागतं म्हणून बरेच जण 'जवळच जायचंय' म्हणत उलटे येतात. हा शॉर्टकट जिवावर बेतू शकतो.

वाऱ्याचंही गणित आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. अक्कलकोटला जाताना तो पाठीशी असतो, वाटतं आज पायात ताकद आलीय. परत येताना तोच वारा छातीवर बसतो. त्यामुळं जून ते सप्टेंबरमध्ये अर्धी ताकद आणि अर्ध्याहून जास्त पाणी परतीसाठी राखून ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत घरी पोहोचायचं, एवढा एकच नियम.

सायकल महाग नको, नीट हवी

साध्या काळ्या सायकलला पुढं साधारण ४४ दातांचं चेनव्हील आणि मागं १८ दातांचं फ्रीव्हील असतं. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. सपाटीला हे ठीक, चढाला जड. मागं २२ दातांचं फ्रीव्हील बसवलं तर चाक दोनच वेळा फिरतं. वेग थोडा कमी होतो, पण घाटात उतरून ढकलावं लागत नाही. गावातला सायकलवाला हे काम करून देतो. चेन लांबवावी लागेल का, हे त्यालाच बघू द्या.

कडेच्या मुरुमावर वेड्या बाभळीचे काटे असतात. जवळ पंक्चरचं सामान आणि छोटा पंप ठेवा. पावसात काळ्या रानातल्या पाणंद रस्त्यानं जाऊ नका. चिखल मडगार्डमध्ये घट्ट बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. रात्रपाळीवाल्यांनी मागं लाल लाइट आणि रिफ्लेक्टर लावावाच. नसेल तर मडगार्डवर, पायडलवर रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. हलणारं पायडल चमकलं की ड्रायव्हरला लांबूनच कळतं की सायकल आहे.

अपघात झालाच तर

हा भाग वाचून घरच्यांनाही दाखवा.

• ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३.

• मोटार वाहनाच्या धडकेत जखमी झालेल्यांसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना मे २०२५ पासून आहे. ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. सायकलस्वारही त्यात बसतो. दवाखान्यात नेल्यावर या योजनेबद्दल लगेच विचारा.

• धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलं नाही, तरी हात हलवत बसायचं नाही. २०२२ च्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये भरपाई मिळते. ज्या तालुक्यात अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्जाची चौकशी करा. पोलिसांत नोंद आणि दवाखान्याची कागदं जपून ठेवा.

• वाहनाचा नंबर माहीत असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो. तो सहा महिन्यांच्या आत दाखल केलेला बरा.

सायकल साधी होती, लायसन्स नव्हतं, म्हणून हक्क नाही, असं काही नसतं. सायकलला लायसन्स लागतच नाही.

गावानं काय मागावं

रस्ता चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला. पण डबा घेऊन निघालेल्या माणसाची जागा कडेच्या पांढऱ्या पट्टीवरच राहिली. ग्रामसभेत ठराव करून तीन साध्या गोष्टी मागता येतील: वस्तीपासून एमआयडीसीपर्यंत सलग सेवा रस्ता, जिथं कामगार रोज ओलांडतात तिथं दिवे, आणि कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकना वेगळी जागा. ट्रक कडेला उभा असला की सायकलवाल्याला भर रस्त्यात यावं लागतं.

हौशी सायकलपटूंनीही या मागणीत गावकऱ्यांसोबत उभं राहावं. त्यांना हा रस्ता आठवड्यातून एकदा लागतो, कामगाराला रोज दोनदा लागतो.