हेल्प कुठल्या नळातून यावी?

आजचा विषय छोटा आहे, पण टर्मिनल वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी नडतो. एखाद्या कमांडला आपण 'डॅश डॅश हेल्प' म्हटलं, तर तो मजकूर तिने नेमका कुठे पाठवायचा?

युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामला बाहेर पडणारे दोन नळ असतात. १ नंबर म्हणजे स्टँडर्ड आउटपुट, तिथून मागितलेला माल येतो. २ नंबर म्हणजे स्टँडर्ड एरर, तिथून तक्रारी येतात. स्क्रीनवर दोन्ही एकत्रच दिसतात, म्हणून फरक कळत नाही. पाइप लावला की कळतो. १९७३ मध्ये युनिक्सला मिळालेला हा पाइप एरवी फक्त १ नंबरचं पाणी पुढे नेतो. आपली पाणचक्की बघा ना. पाणी चक्कीवर पडलं तरच ती फिरते, बाजूने वाहून गेलं तर ढिम्म.

आता समजा, तुम्ही मोबाइलवर टर्मक्स उघडलंय. हेल्प लांबलचक, स्क्रीन वीतभर. म्हणून तुम्ही ती 'ग्रेप'कडे पाठवता, हवी तेवढीच ओळ शोधायला. पण हेल्प २ नंबरने आली, तर ग्रेपच्या हाती काहीच लागत नाही आणि सगळा मजकूर समोरून धावत जातो. मग 'दोन, ग्रेटर दॅन, अँड, एक' हा मंत्र जोडा. नवीन शिकणाऱ्याला तो कुठून माहीत असणार?

जावाचं उदाहरण घ्या. एका डॅशचं 'व्हर्जन' २ नंबरने येतं. जावा ९ पासून दोन डॅशचंही आलं, ते १ नंबरने येतं. जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत म्हणून जुनं तसंच ठेवलं.

मग सगळंच १ नंबरने पाठवायचं का? तर नाही. रात्री आपोआप चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट घ्या. ऑप्शन चुकला आणि टूलने वापराची माहिती १ नंबरने दिली, तर ती थेट बॅकअपच्या फाइलमध्ये जाते. फाइल आहे, आकार आहे, आत डेटा मात्र नाही. त्यात एक्झिट कोड शून्य असेल, तर स्क्रिप्टलाही संशय येत नाही. कळतं कधी? डेटा परत हवा असतो तेव्हा.

म्हणून मी पाळतो तो नियम असा. माणसाने हेल्प मागितली, तर तीच मागितलेली वस्तू: १ नंबर, एक्झिट कोड शून्य. कमांड चुकली, तर ती तक्रार: २ नंबर, कोड शून्य सोडून दुसरा, आणि दोन ओळींत काय चुकलं ते. जीएनयूचे कोडिंग स्टँडर्ड्सही हेल्प १ नंबरनेच द्यायला सांगतात. पायथनचं आर्गपार्स तर दोन्ही गोष्टी आपोआप करतं.

तुमचं स्वतःचं टूल असेल, तर आजच त्याची हेल्प ग्रेपला जोडून बघा. गाळून एकच ओळ आली, तर नळ बरोबर आहे.