न्याहारीला बोलावणारा प्रभू

मिठबावच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यास योहानाच्या शुभवर्तमानातील एकविसावा अध्याय परका वाटू नये. रात्रभर जाळी टाकूनही शिष्य रिकाम्या हातांनीच राहिले होते. पहाटे प्रभूच्या शब्दावरून टाकलेले जाळे भरले. ते काठाशी आले, तो निखाऱ्यांवर मासळी आणि जवळ भाकर तयार! मृत्यूवर विजय मिळविलेला ख्रिस्त थकल्याभागल्यांना न्याहारीला बोलावतो, हा ईस्टरचा एक फार मोठा अर्थ होय.

कारण अन्नाचेच भय बाळगणारी माणसे आपल्यात आहेत. वजनाच्या धास्तीने एखादी मुलगी पुढ्यातले ताट दूर सारते. कोणी चोरून अतोनात खातो आणि मग ओकून टाकतो. हे नखरे नव्हेत, हा आजार आहे. इंग्लंडच्या विल्यम गल या वैद्याने १८७३ साली त्याच्या एका प्रकारास नाव दिले.

अन्नाचे भय धर्माचे वस्त्रही पांघरते. सिएनाची संत कॅथरिन उपवास वाढवीत गेली. पुढे तिला अन्न झेपेनासे झाले आणि १३८० साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ती निवर्तली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या वडिलांचे सोवळे मीठ-साखर धुण्यापर्यंत गेलेले दिसते. त्याच घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे, बराच काळ मनाशी झगडून, अन्नाचा विटाळ झुगारला. १९०० साली बाप्तिस्मा घेतला आणि निराधार मुलांना आपल्या पंक्तीला बसविले. हे एका दिवसात घडले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कॅथलिक धर्मविधीनुसार उपवासाचे बंधन अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या निरोगी माणसांस आहे. आजाऱ्यास ते नाही. तेव्हा अशा रुग्णाने उपवासकाळात नेमाने जेवणे हीच त्याची आज्ञाधारकता. श्रद्धा वैद्याची जागा घेत नाही. पण शरमेने मिटलेले तोंड उघडण्याचे, मदत मागण्याचे आणि पुन्हा घसरल्यास पुन्हा उठण्याचे बळ ती देते.

मार्काने सांगितलेली याईराच्या मुलीची कथा आठवावी. ती बारा वर्षांची होती. प्रभूने तिला मृत्यूतून उठविले आणि भोवतालचे थक्क होऊन पाहत असता, तिला काही खावयास द्या, असे सांगितले. ज्या घरी असे मूल आहे, त्या घराने आज उपदेश बाजूस ठेवावा, त्याच्याशेजारी बसावे आणि आपले ताटही त्याच्याबरोबरच वाढून घ्यावे.